एकट्याचे आमेन

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एका गृहस्थांच्या पत्नीचे निधन झाले. पहाटे चर्चमध्ये मयताची घंटा झाली आणि तासाभरात त्यांच्या अंगणात माणसे जमू लागली. कुणी ताडपत्री बांधली, कुणी बाके आणली, शेजारच्या घरी चहाचे पातेले चढले. तरुण मुले दफनभूमीतील खड्ड्यात साचलेले पाणी उपसायला गेली. कुणी कुणाला काही सांगितले नाही. सांगावे लागलेही नाही.

बाई नित्यनेमाने चर्चला जाणाऱ्या होत्या. त्यांच्या यजमानांनी मात्र बारा वर्षे चर्चची पायरी चढली नव्हती. फेस्ताच्या हिशेबावरून एका सभेत शब्दाने शब्द वाढला, चारचौघांत त्यांचा अपमान झाला आणि त्या रात्री त्यांनी ठरविले की, देव आपल्या घरात आहे, तेवढा पुरे. दफनविधी आटोपल्यावर आम्ही काही जण त्यांच्यापाशी बसलो होतो. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आज तुम्ही सगळे आलात, तुमचे उपकार आहेत. पण बारा वर्षांत एक जण तरी विचारायला आला होता का?"

आम्ही माना खाली घातल्या. त्या प्रश्नाने आमची पाठ सोडलेली नाही. त्याला दोन तोंडे आहेत. चर्चशिवाय श्रद्धा जगू शकते काय, हे एक. श्रद्धावंताला चर्चमध्ये राहावेसे वाटावे म्हणून चर्चचे काही देणे लागते की नाही, हे दुसरे. पहिल्याचे उत्तर देताना दुसरे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून दोन्हींचा विचार येथे करीत आहोत.

देव चराचरात आहे. मग त्याला भेटण्यासाठी ठरावीक वास्तूत, ठरावीक वेळी, ठरावीक माणसांच्या गर्दीत का जावे? हा प्रश्न हल्ली सुशिक्षित तरुण विचारतात आणि तो उद्धटपणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. एकांतातील प्रार्थना प्रभू येशूने स्वतः शिकविली. तो स्वतः डोंगरावर एकटा जात असे. परंतु तोच येशू शब्बाथ दिवशी आपल्या रिवाजाप्रमाणे नाझरेथच्या सभास्थानात गेला, असे संत लूक नोंदवितो. त्या सभास्थानातील मंडळी काही फार थोर नव्हती. त्याच दिवशी त्यांनी त्याला कड्यावरून लोटून देण्याचा प्रयत्न केला. तरीही तो आपल्या गावच्या सभेला गेला होता. देवाचा शब्द देहधारी झाला याचा अर्थच असा की, तो एका गावाचा, एका भाषेचा, एका शेजाराचा झाला. ज्याने मानवजातीवर प्रेम केले त्याने आधी शेजाऱ्यांचा सहवास स्वीकारला.

दुसरी गोष्ट संस्कारांची. आपल्या धर्माची रचनाच अशी आहे की, कृपेचे संस्कार सर्वसाधारणपणे कुणाला स्वतःच्या हाताने स्वतःवर करून घेता येत नाहीत. स्वतःचा बाप्तिस्मा कुणी स्वतः करीत नाही. प्रायश्चित्त संस्कारात स्वतःची पापमुक्ती कुणी स्वतः उच्चारीत नाही. खुद्द पोप महाशयांनाही दुसऱ्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकावे लागतात. आजाऱ्याला तैलाभ्यंग दुसऱ्याच्याच हातून होतो. कृपा देवाची, परंतु ती बहुधा दुसऱ्याच्या हातून आपल्या पदरात पडते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत बाप 'आमचा' आहे, 'माझा' नाही. दाराला कडी लावून एकट्याने म्हटली, तरी ती प्रार्थना अनेकवचनीच राहते.

आपल्या भाषेत 'ख्रिस्तसभा' हा शब्द रुजला, ते योग्यच झाले. एकट्याची सभा भरत नाही. 'पॅरिश' या शब्दाचे मूळ तर अधिक उद्बोधक आहे. 'पारोइकिआ' या ग्रीक शब्दापासून तो आला. परक्या भूमीत तात्पुरते राहणाऱ्यांची वस्ती, असा त्याचा आशय. म्हणजे धर्मग्राम ही मुळात जमीनदारांची नव्हे, तर वाटसरूंची वस्ती आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनेही धर्मग्राम हा सर्वसाधारणपणे प्रदेशावरून ठरतो, असेच सांगितले आहे. त्या सीमेत राहणारा प्रत्येक श्रद्धावंत, आवडीचा असो वा नावडीचा, त्या धर्मग्रामाचा. येथेच या विषयाचे नैतिक मर्म आहे असे आम्हांस वाटते. मित्र आपण निवडतो, मंडळे आपण निवडतो, हल्ली तर प्रवचन आटोपशीर व गायनवृंद सुरेल असे चर्चही गाडी काढून निवडतो. निवडलेल्या माणसांवर प्रेम करणे म्हणजे पुष्कळदा आपल्याच आवडीवर प्रेम करणे होय. न निवडलेल्या माणसाशेजारी, ज्याच्याशी बांधाचा वाद चालू आहे त्याच्याशेजारी, एकाच बाकावर गुडघे टेकायला लावते ती आपली गावची मिस्सा. शांतीचे अभिवादन करताना नेमका तोच हात समोर येतो. ही अडचण नव्हे. हेच शिक्षण आहे.

कुणी म्हणेल, चर्चमध्ये ढोंगी फार. त्याला आमचे उत्तर, होय, आहेत. आणि आम्ही आल्याने त्यांत एकाची भर पडते. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेले पहिले पत्र उघडून पाहावे. तेथे तट पडले होते, खटले न्यायालयात गेले होते आणि प्रभुभोजनाला जमल्यावर सधन मंडळी आधीच खाऊन-पिऊन घेत, गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांची कानउघाडणी केली, पण घरी बसून आपापली प्रार्थना करा, असे त्यांना सांगितले नाही. उलट याच पत्रात त्याने शरीराचा दृष्टान्त दिला. डोळा हाताला नको म्हणू शकत नाही आणि पाय आपण हात नाही म्हणून शरीराबाहेर पडत नाही. आदर्श मंडळीसाठी हा दृष्टान्त लिहिला गेला नाही, भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिला गेला, हे आपण विसरतो.

इतिहासाकडे वळू. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली आणि त्यांचे धर्मगुरूही गेले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट यांची किल्ल्यातील चर्चे व मठ ओस पडले. त्यांचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात. सत्तेच्या आश्रयाने आलेला धर्म सत्तेबरोबर जाईल, असा तर्क कुणी केला असता तर तो चुकीचा म्हणता आला नसता. परंतु तसे झाले नाही. बागायतीत, शेतात, कोळीवाड्यांत श्रद्धा टिकली, कारण ती आळीआळींतून, घराघरांच्या जपमाळेतून आणि धर्मपिता-धर्ममातांच्या नात्यांतून विणली गेली होती. सामवेदी ख्रिस्ती समाजाचे 'कुपारी' हे नावच पाहा. मुलाचा बाप व धर्मपिता यांच्या परस्परनात्याला पोर्तुगीज भाषेत जो 'कोंपाद्रे' शब्द आहे, त्यावरून ते आले असे मानले जाते. एका समाजाचे नावच बाप्तिस्म्याने जुळलेल्या नात्यावरून पडावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाले. तेही एकटे मेले नाहीत. फ्रान्सिस्कन, जेझुइट, सामान्य प्रापंचिक, किशोरवयीन मुले अशी ती एक छोटी ख्रिस्तसभाच होती. पुढे १६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले वा मारले गेले. दोनशेहून अधिक वर्षे तेथील श्रद्धावंतांना ना धर्मगुरू होता, ना मिस्सा, ना चर्चची इमारत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथे नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी खेड्यातील काही माणसे आली आणि आपली श्रद्धाही तीच आहे, असे त्यांनी फ्रेंच धर्मगुरू फादर पतिजाँ यांना हळूच सांगितले. पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी विचारले. ते चर्च गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना, त्या सव्वीस हुतात्म्यांनाच अर्पिलेले होते.

ही माणसे टिकली कशी? खेड्याखेड्यांत त्यांनी कामे वाटून घेतली होती. एक जण उपवासांचे व सणांचे दिवस मोजून ठेवी, दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघरी निरोप पोचवी. या तिघांच्या हाती ख्रिस्तसभा सात पिढ्या जिवंत राहिली. चर्चवाचून श्रद्धा टिकते, याचा दाखला म्हणून कुणी या कथेकडे बोट दाखवील, तर त्याने पुन्हा विचार करावा. इमारत नव्हती, पुरोहित नव्हता; पण निरोप घेऊन येणारा शेजारी होता. एकेकट्याने मनात जपलेली श्रद्धा दुसऱ्या पिढीला पोचली असती का, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आमच्याही पिढीने एक छोटी परीक्षा दिली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चर्चे बंद झाली. त्या वर्षी १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण पडद्यावर पाहिला. त्या पडद्याचे उपकार आम्ही नाकारीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना आजही त्याचा आधार आहे आणि तो असावा. परंतु ज्यांचे पाय धड आहेत अशांपैकी काही जणांना ती सोय इतकी मानवली की, ते परतलेच नाहीत. त्याच एप्रिलमध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी इशारा दिला होता की, ही अवस्था म्हणजे संकटातील ख्रिस्तसभा आहे. लोकांविना, संस्कारांविना असलेली जवळीक हा ख्रिस्तसभेचा आदर्श नव्हे. त्या दिवसांत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. ज्या घरातून त्या काळी शवपेटी निघाली, त्यांना विचारावे की पडद्याने काय दिले आणि काय देता आले नाही.

येथवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता दुसरा, जो अधिक टोचणारा आहे.

धर्मग्राम हे कुटुंब आहे असे आपण वेदीवरून ऐकतो. कुटुंबातील एक माणूस बारा वर्षे जेवायला आला नाही आणि कुणी विचारले नाही, तर त्याला कुटुंब म्हणावे का? मेंढपाळाच्या दाखल्यात नव्याण्णव मेंढरांना सोडून एकाच्या शोधात जाणे आहे. आपण मात्र नव्याण्णवांचे फेस्त धूमधडाक्यात साजरे करतो आणि शंभरावे स्वतःहून येईल, याची वाट पाहतो. जिवंतपणी न गेलेली आमची पावले मरणाच्या दिवशी मात्र धावली. ती धावली हे चांगलेच, पण उशीर झाला होता.

शिवाय सगळेच काही मानापमानाने दूर गेलेले नसतात. कुणावर खरोखर अन्याय झालेला असतो. त्याला 'क्षमा कर आणि ये' एवढेच सांगणे म्हणजे जखमेवर धर्माचे फडके टाकणे होय. आपलेपणा म्हणजे मौन नव्हे. जो आपला आहे त्यालाच चूक दाखविण्याचा अधिकार असतो, आणि ज्याने चूक केली त्याने ती कबूल करणे हा धर्मग्रामाचाच प्रायश्चित्त संस्कार आहे. तसेच आज वसई, नालासोपारा, विरारच्या इमारतींतून मंगळूर, केरळ, गोवा, छोटा नागपूर अशा ठिकाणांहून आलेले बांधव राहतात. आदिवासी बांधव तर पिढ्यान्‌पिढ्या येथेच आहेत. ते मिस्सेला दाराशी उभे राहत असतील, तर दोष दाराचा नव्हे, बाके धरून बसलेल्या आमचा आहे. 'हे आमचे चर्च' या वाक्यातील 'आमचे' प्रेमाचे आहे की मालकीचे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. वाटसरूंच्या वस्तीत कुणी आधी आला, कुणी नंतर, इतकाच काय तो फरक.

त्या गृहस्थांकडे परत जाऊ. त्या दिवसानंतर आम्ही दर रविवारी सायंकाळी त्यांच्या ओटीवर बसू लागलो. चर्चचा विषय आम्ही काढला नाही. एके दिवशी त्यांनीच काढला आणि त्या जुन्या सभेत काय घडले ते पहिल्यांदा सविस्तर सांगितले. ऐकल्यावर कळले की, चूक बरीचशी आमची होती. आम्ही तसे त्यांना म्हटले. ते काही बोलले नाहीत.

पत्नीच्या महिन्याच्या मिस्सेला ते आले आणि मागे, दाराजवळ उभे राहिले. शेवटच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने काही न बोलता सरकून जागा केली. ते बसले. मिस्सा चालू राहिली. महास्तुतीच्या अखेरीस जेव्हा सर्वांनी एका सुरात आमेन म्हटले, तेव्हा त्यांत त्यांचा आवाज होता की नाही, आम्हांला ऐकू आले नाही. ऐकू येण्याची गरजही नव्हती. घरात एकट्याने म्हटलेले आमेनही देव ऐकतो, यात शंका नाही. परंतु ते खरे करून दाखवायला शेजारी माणूस लागतो; आणि कुणाच्या तरी आमेनसाठी सरकून जागा करणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला येत्या रविवारी करता येण्यासारखे आहे.