वाफेचा वाटा

युद्धाचे श्रेय घ्यायला आपण सारे पुढे होतो. त्याच्या दुःखाचा वाटा मात्र कुणी मागत नाही.

गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. तेथले ‘सी हॉक’ विमान पाहताना हा विचार मनातून जाईना. ४ डिसेंबर १९७१ रोजी अशाच विमानांनी ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. माझे वडील तेव्हा ‘विक्रांत’च्या बॉयलरपाशी होते. चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला. उरलेल्या तिघांची वाफ जहाजही चालवी आणि विमानेही आभाळात फेकी. वडिलांनी ना उड्डाण पाहिले, ना स्फोट.

“तुम्ही लढाई जिंकलीत ना?” असे लहानपणी विचारले की ते म्हणत, “मियां नुसता पाणी तापयलंय.”

लोकांना हा विनय वाटे. पण ते पाणी तापले नसते तर विमान उडाले असते काय? शिरोड्याच्या मिठागरातले मीठ ताटात दिसत नाही, म्हणून ते चवीत नसते थोडेच! विजयात वाफेचा वाटा धरायचा, तर त्या बंदरात मेलेल्या एखाद्या खलाशाच्या घरच्या रडण्यातही तो धरावा लागेल. युद्ध न्याय्य होते, बांगलादेश मुक्त झाला, हे खरेच. पण न्यायाने विधवेचे कुंकू परत येत नाही.

दर १६ डिसेंबरला गावात वडिलांचा सत्कार होई. ते शाल आनंदाने घेत आणि त्या रात्री जेवत नसत. कारण त्यांनी कधी सांगितले नाही. मला वाटते, दोन्ही वाटे त्यांनी मुकाट्याने घेतले होते.