परक्या दारातला शेजार

काल्पनिक पात्रांविषयी वाटणारा जिव्हाळा खरा असतो की नाही, हा साहित्यविचारातील जुना प्रश्न आहे. त्याच्या शेजारचा, पण फारसा चर्चिला न गेलेला प्रश्न असा की, हा जिव्हाळा प्रवास करून एखाद्या खऱ्या जागी येऊन उभा राहतो, तेव्हा तेथे राहणाऱ्या माणसांशी त्याचे नाते कोणते? ‘नेबर्स’ या ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेभोवती वाढलेला पर्यटनव्यवसाय हा या प्रश्नाचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका दाखला होय. मालिकेच्या नावाचा अर्थच मुळी ‘शेजारी’.

रेग वॉट्सन यांनी निर्मिलेली ही मालिका १८ मार्च १९८५ रोजी सुरू झाली. पहिल्या वाहिनीने ती त्याच वर्षी सोडून दिली आणि १९८६ पासून दुसरीने चालवली. कथा ‘रॅम्झे स्ट्रीट’ नावाच्या, एका टोकाला बंद असलेल्या छोट्या रस्त्यावरील सहा घरांची. मेलबर्नच्या नकाशात हा रस्ता सापडत नाही. चित्रीकरण होई ते शहराच्या पूर्वेकडील व्हर्मांट साउथ या उपनगरातल्या ‘पिन ओक कोर्ट’मध्ये, आणि तेही घरांच्या केवळ बाह्यांगाचे. दार उघडून पात्र आत शिरले की ते नुनावाडिंग येथील स्टुडिओतल्या दिवाणखान्यात पोचत असे. पिन ओक कोर्टातील उंबरठ्यांच्या आत मात्र वेगळीच, मालिकेशी कसलाही संबंध नसलेली माणसे स्वयंपाक करीत होती, मुलांना शाळेत धाडीत होती, आजारी पडत होती.

ऑक्टोबर १९८६ मध्ये बीबीसीने ही मालिका ब्रिटनमध्ये आणली. १९८८ पासून ती शाळा सुटल्यानंतरच्या वेळेतही दिसू लागली आणि मुलांनी ती अक्षरशः आपलीशी केली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कायली मिनोग व जेसन डोनोव्हन यांनी रंगवलेल्या जोडप्याचा विवाह पाहण्यास सुमारे दोन कोटी ब्रिटिश प्रेक्षक बसले होते. हिवाळ्यात चार वाजताच अंधारून येणाऱ्या देशातील मुलांना लख्ख उन्हातली अंगणे आणि न विचारता एकमेकांच्या घरात जाणारी माणसे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. हीच मुले मोठी होऊन पाठीवर पिशव्या अडकवून ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा त्यांना रॅम्झे स्ट्रीट पाहायचा होता. मग शहरातून तेथवर नेणाऱ्या सहली निघाल्या, मद्यगृहांतून नटांच्या भेटीच्या आणि प्रश्नमंजूषेच्या रात्री भरू लागल्या. मालिकेतील डॉक्टरांची भूमिका करणारे ॲलन फ्लेचर तेथे आपल्या वाद्यवृंदासह गातही असत.

या सर्वांची टवाळी करणे सोपे आहे. ती मी करणार नाही. आपल्या परंपरेत स्थळमाहात्म्याची इतकी पुराणे आहेत की, कथेने जागा पवित्र होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माझी अडचण निराळी आहे. साधारणीकरणाचा विचार मांडणाऱ्या आपल्या आचार्यांनी रसानुभवाची अट म्हणून सांगितले ते हेच की, रंगभूमीवरचा शोक माझा नाही, माझ्या शत्रूचा नाही, तटस्थाचाही नाही. तो अशा सर्व संबंधांतून सुटलेला असतो. म्हणूनच तो कोणावर अन्याय न करता सर्वांना भोगता येतो. चाहत्याची यात्रा ही या प्रक्रियेची उलटी वाट आहे. सुटलेली भावना ती पुन्हा एका विशिष्ट दारावर नेऊन टांगते, आणि ते दार तर कोणाचे तरी असते.

मँचेस्टरला ग्रॅनडा कंपनीने ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेचा रस्ता स्वतः उभारला आणि १९८८ ते १९९९ या काळात तो तिकीट लावून दाखवला. तेथे हा पेच उद्भवत नाही, कारण त्या विटांमागे कोणी राहतच नव्हते.

पिन ओक कोर्टातील रहिवाशांना निर्माते मोबदला देत, हे खरे. गर्दी आवरण्यासाठी पहारेकरीही ठेवावे लागले. संमती होती, पैसा होता, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. कायद्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. परंतु नैतिक प्रश्न मोबदल्याने मिटतो असे मला वाटत नाही. आपल्या घरासमोर उभा राहून हसणारा माणूस आपल्याकडे नव्हे, तर आपल्या जागी कल्पिलेल्या दुसऱ्याकडे पाहून हसतो आहे, हे रोज अनुभवणारा घरमालक आपल्याच अंगणात उपरा होतो. शेजारधर्माच्या गोष्टीवर लोभ जडलेल्या प्रेक्षकाला खऱ्या शेजाऱ्याचे दार छायाचित्राच्या चौकटीपुरतेच उरते. (आणि मालिकेतील शेजारही सर्वांना खुला नव्हता. तो रस्ता वर्षानुवर्षे जवळजवळ केवळ गोऱ्यांचा होता. २०११–१२च्या सुमारास तेथे कपूर नावाचे भारतीय वंशाचे कुटुंब राहायला आले, तेव्हा काही प्रेक्षकांनी उघड नाराजी दाखवली.)

या जिव्हाळ्याचे अर्थकारणही बोलके आहे. २०२२ साली ब्रिटनच्या ‘चॅनेल फाइव्ह’ने हात काढून घेतला आणि मालिका जुलैत संपली, मेलबर्नच्या रस्त्याचे भवितव्य लंडनच्या दप्तरात ठरत होते. २०२३ मध्ये ॲमेझॉनने तिला पुन्हा जिवंत केले, २०२५ च्या अखेरीस ती पुन्हा थांबली. पात्रे गेली, घरे आणि त्यांतील माणसे तिथेच आहेत.

हे लिहिताना मला स्वतःला वगळता येत नाही. अध्यापनाच्या काळात मी दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल काढीत असे. एकदा एका दिवंगत कादंबरीकाराच्या जन्मगावी आम्ही गेलो. ज्या वाड्यात त्यांच्या कादंबरीतील घर घडते, त्यात तेव्हा तीन बिऱ्हाडे होती. चौकात दोरीवर कपडे वाळत होते. मी मोठ्या उत्साहाने मुलांना नायिका कोणत्या खांबाशी उभी राहते ते दाखवू लागलो. कोणीतरी कॅमेरा काढला. तेव्हा एक वृद्ध बाई ओसरीवरून उठल्या, दोरीवरची ओली लुगडी त्यांनी भराभर काढून हातावर घेतली आणि “घ्या आता फोटो,” असे म्हणून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मी त्यांचे आभार मानले. छायाचित्र सुरेख आले. त्यात चौक आहे, खांब आहे, उन्हाची तिरीप आहे. त्या बाईंचे नाव मी विचारले नव्हते.