डग्गा कुठे गेला?

दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर बसा. पेचकस अजून हातात घेऊ नका. आवाज क्षीण झालाय हे तुम्हाला कळलंय. आता तो कुठे क्षीण झालाय, एवढंच ऐकायचं आहे.

एखादं जुनं भावगीत लावा, मोनो रेकॉर्डिंगचं. डोळे मिटा. गाणारा कुठे आहे? दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही, तिथून तो गायला हवा. की आवाज नुसताच खोलीभर भिरभिरतोय, बोट ठेवावं अशी जागाच सापडत नाही? घाई नको. आता तबल्याकडे वळा. चाट खणखणीत येते, पण डग्ग्याचा घुमारा?

तो हरवला असेल, तर बहुधा एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्या आहेत. एकाचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा दाबतो, दुसरा ओढून घेतो. खर्जाच्या लाटा काही मीटर लांब असतात, म्हणून त्या एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. वरच्या स्वरांच्या लाटा आखूड, त्या तगतात. दोघेही पूर्ण जोर लावतायत आणि आपल्याला ऐकू येतो तो अशक्तपणा. मला याचं आजही नवल वाटतं.

ॲम्प्लिफायर बंद करा. एकाच स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा, एकाच. मग तेच गाणं पुन्हा, पहिल्यापासून.

एकच बाजू बारीक वाजत असेल, तर ॲम्प्लिफायरच्या मागे स्पीकरची डावी-उजवी जोडणी बदलून ऐका. दोष दुसऱ्या पेटीत गेला, तर तो ॲम्प्लिफायरकडून येतोय. त्याच पेटीत राहिला, तर समोरची जाळी काढा आणि वूफरच्या कडेच्या फोमवर बोट हलकेच फिरवा. पंधरा-वीस वर्षांत हा फोम आपोआप भुसभुशीत होतो, बोटाला चिकट काळा भुगा लागतो. आता दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवून तो अलगद आत दाबा. कान जवळ न्या. खरखर येतेय का? म्हणजे कोनमागची कॉइल घासतेय. काहीच आवाज नसेल, तर कॉइल मोकळी आहे. फोमची नवी कडा बसवून मिळते. तेवढ्यासाठी पेटी भंगारात देऊ नका.