पिशवीची पारख



बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठवताना प्रभूने त्यांना थैली, झोळी किंवा वहाणा, काहीच बरोबर घेऊ दिले नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला हा प्रसंग आपण दरवेळी ऐकतो, पण झोळीकडे आपले लक्ष जात नाही. आज तिच्याविषयीच बोलू या. कारण झोळीची आता पर्स झाली आहे आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या लग्नसमारंभांत माणसाआधी ती पाहिली जाते.

उंची पर्स जमवणारे तिची पारख कशी करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या 'बर्किन' पर्सची शिलाई हाताची असते. मेण लावलेला एकच दोरा आणि दोन सुया. दोन्ही एकाच छिद्रातून उलटसुलट जातात. म्हणून पारखी माणूस आधी टाक्यांचा तिरकेपणा पाहतो. मग कोपरे झिजलेत का, कड्या-कुलपांवर ओरखडे आहेत का, आतला शिक्का काय सांगतो, हे तपासतो. चाकणच्या कारखान्यांत क्वालिटी खात्यात काम करणाऱ्या आपल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको. गेजमध्ये बसले तर पास, नाहीतर रिजेक्ट! अशी पारख म्हणजे कारागिराच्या हाताला दिलेली दादच आहे. तिच्यात काही पाप आहे असे आम्हाला वाटत नाही.

घोळ होतो तो पुढे. पर्सला लावलेले गेज आपण पर्स धरणारीला लावतो. मिस्सा संपून चर्चच्या आवारात येईपर्यंत "तिची ओरिजिनल नाही हं, फर्स्ट कॉपी आहे" ही कुजबुज सुरू झालेली असते. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देणाऱ्या मंडळीला संत याकोबाने आपल्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात चांगलेच खडसावले आहे. त्या कुजबुजीच्या भीतीने कंत्राटी कामगाराच्या घरातही हप्त्यावर पर्स येते, आणि मुलांच्या फीची तारीख पुढे ढकलली जाते.

ॲरिस्टॉटलने एखाद्याविषयी जे जे म्हणता येते त्याचे दहा प्रकार सांगितले. त्यांत 'पायात वहाणा असणे' हाही एक प्रकार आहे. सेमिनरीत आम्हाला त्याचे हसू यायचे. पण माणूस काय आहे आणि माणसाजवळ काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे त्याने पक्के करून ठेवले.

आणि आपले डोळे तरी किती भरवशाचे? कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून 2025 मध्ये प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कुठे पुष्कळांना तिचे सौंदर्य दिसले. शिवणारे हात मात्र पिढ्यानपिढ्या इथेच होते.

जिच्यावरून बर्किनचे नाव पडले त्या जेन बर्किन या अभिनेत्रीची मूळ पर्स 10 जुलै 2025 रोजी पॅरिसच्या लिलावात सुमारे 86 लाख युरोंना, म्हणजे 85 कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेली. जमवणाऱ्यांना पर्स कोरी करकरीत लागते. ही मात्र खरचटलेली, स्टिकरांचे डाग पडलेली. नेलकटरसुद्धा तिलाच अडकवलेला. बाईंनी ती रोज सामान कोंबून वापरली होती, आणि 1994 सालीच एड्सविरोधी कार्याच्या मदतीसाठी देऊनही टाकली होती.