शंका असताना दुसऱ्यासाठी मागावे का?



जपमाळेच्या प्रत्येक दशकानंतर आपण येशूला विनवतो, की सर्व आत्म्यांना, विशेषतः ज्यांना त्याच्या दयेची अधिक गरज आहे त्यांना, स्वर्गात ने. फातिमा येथे 1917 साली मिळालेली ही प्रार्थना आपल्याला तोंडपाठ आहे. तरीही एखाद्या संध्याकाळी ती म्हणताना मन अडखळते. मुलाने मिस्सा सोडली आहे. भावाने शेवटपर्यंत देवाचे नाव घेतले नाही. त्यांच्यासाठी मागताना आतून प्रश्न येतो, "स्वर्गाची मला तरी कुठे खात्री आहे? मग हे ढोंग नाही का?"

हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला दटावून गप्प करू नये.

जे मनात नाही ते असल्याचे दाखवणे म्हणजे ढोंग. पण शंकेने घेरलेली आई "मला सगळे कळले आहे" असे देवाला सांगत नाही. ती म्हणते, "माझ्या लेकराला सांभाळ." ही इच्छा तर तिच्या मनात काठोकाठ भरलेली असते. खात्री ही बुद्धीची अवस्था आहे, प्रार्थना ही प्रेमाची कृती आहे. बुद्धी डळमळली तरी प्रेम खोटे ठरत नाही. मार्कच्या शुभवर्तमानातील (9:14-29) पित्याने आपला अविश्वास प्रभूपासून लपवला नाही. त्यावरही मदत मागितली, आणि त्याचा मुलगा बरा झाला.

लिझ्यूची संत तेरेजा चौदा वर्षांची असताना, 1887 साली, तिने प्रांझिनी नावाच्या खुन्यासाठी प्रार्थना केली. तो वाचणार याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. पश्चात्ताप न दाखवलेल्या त्या माणसाने शिरच्छेदापूर्वी क्रूसाचे चुंबन घेतले. हा प्रसंग आपल्याला आवडतो. त्यापुढचे आपण क्वचित सांगतो. 1896 च्या पुनरुत्थान सणाच्या दिवसांत तिच्या मनात अंधार दाटला. मरणानंतर काहीच नाही, असे विचार तिला छळू लागले. 30 सप्टेंबर 1897 रोजी तिचे निधन झाले, तोवर हा अंधार सरला नाही. त्या काळात तिने काय केले? अविश्वासी लोकांना तिने आपले भाऊ मानले आणि त्यांच्याच मेजावर बसून त्यांच्यासाठी दया मागितली.

येथे शंकेतही एक कृपा दिसते. स्वतःविषयी निर्धास्त असलेला माणूस दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना नकळत परुश्याच्या जागी उभा राहतो. मी आत, तो बाहेर! शंका ज्याने सोसली आहे तो मात्र शेजारी उभा राहतो. तो "त्याला वाचव" म्हणत नाही, "आम्हांला वाचव" म्हणतो.

शिवाय आपण एकट्याच्या बळावर प्रार्थना करत नाही. मिस्सामध्ये शांतीपूर्वी धर्मगुरू प्रभूला विनवतो, की आमची पापे नव्हे तर तुझ्या ख्रिस्तसभेची श्रद्धा पाहा. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले होते (मार्क 2:1-12). आज आपण खाट उचलत असू, उद्या कदाचित खाटेवर असू.

म्हणून शंका मिटेपर्यंत थांबू नका. आज रात्री जपमाळ हाती घ्याल तेव्हा दूर गेलेल्या एका माणसाचे नाव घ्या, आणि त्याच्या नावाशेजारी आपलेही ठेवा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू