थैलीतील दोन वजने



अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाने आपल्या प्रजेला थैलीत दोन प्रकारची वजने बाळगण्याची मनाई केली आहे. घेताना मोठे वजन वापरावे व देताना लहान, ही व्यापाऱ्याची जुनी युक्ती होय. आज वैद्यकीय संशोधनाच्या प्रयोगशाळेतही ही थैली आहे, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल.

फ्लो सायटोमीटर या यंत्राचा विचार करा. रक्तातील पेशींना चकाकणारी रंगद्रव्ये जोडलेली प्रतिपिंडे लावतात. मग त्या पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागून एक लेझर किरणापुढून जातात. विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीचे आकारमान व अंतर्रचना, आणि रंगावरून तिची ओळख समजते. अशा ओळखीने पेशी निवडून काढणारे यंत्र विकसित करणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांना २००६ साली क्योटो पारितोषिक मिळाले.

यंत्र सेकंदाला हजारो पेशी तपासते. परंतु निवाडा माणसाचा असतो. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. कोणते ठिपके हिशेबात धरावयाचे याची सीमारेषा तज्ज्ञ आखतो. तिला ‘गेट’ म्हणतात. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगपेशी उरली आहे काय, हे पाहावे लागते. तेथे रेषा किंचित सरकली तरी रुग्णाविषयीचा निष्कर्ष पालटू शकतो.

येथेच मोह उभा राहतो. वरिष्ठांना हवा असलेला आकडा जवळच असतो. खोटे बोलावे लागत नाही. एका नमुन्याला एक रेषा व दुसऱ्याला निराळी लावली की झाले! म्हणून प्रामाणिक तज्ज्ञ रंग न लावलेल्या पेशींसारख्या तुलनेच्या नमुन्यांवरून रेषा ठरवितो, तीच सर्वांना लावतो, आणि ती बदलणे भागच पडले तर कारण लिहून ठेवतो. ज्याचे रक्त त्या नळीत आहे त्याला हे कधीच कळत नाही. देवाला मात्र कळते.

प्रिय वाचकहो, आपल्या हाती कदाचित असे यंत्र नसेल. पण रेषा आपणही आखतो. आपल्या मुलाच्या दोषाला एक माप आणि सुनेच्या दोषाला दुसरे, असे आपल्या घरी घडत नाही ना? आपली थैली आज प्रभूपुढे उघडू या, आणि एकच खरे वजन ठेवण्यास तो आपणांस साहाय्य करो. आमेन.