ढाल कोणी जिंकली?



गेल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आपली काही तरुण मुले चर्चच्या अंगणात गाड्यांपाशी उभी राहून मोठमोठ्याने बोलत होती. भांडण आहे की काय, म्हणून मी जवळ गेलो आणि विचारले, "काहून भांडून राहिले रे?" तेव्हा कळले की वाद फुटबॉलचा आहे, आणि तोही २०२० सालचा! एकाचे आजोळ गोव्याचे, म्हणून तो एफसी गोवा संघाचा. दुसरा मुंबई सिटीचा भक्त. "फादर, तुम्हीच सांगा," पहिला म्हणाला, "शेवटच्या तीन मॅच क्लिफर्ड मिरांडाने जिंकून दिल्या की नाही?" "अन् टीम कोणी बनवली होती? लोबेराने ना!" दुसऱ्याने लगेच परतवले.

मला घाई होती. "दोघांचेही बरोबर आहे," असे म्हणून मी सुटका करून घेतली. पण दिवसभर मनाला ते खटकत राहिले. मी दिलेले उत्तर हे उत्तर नव्हते, पळवाट होती. म्हणून आज या पानावर त्या दोघांना, आणि खरे तर स्वतःलाही, उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. इंडियन सुपर लीगमध्ये साखळी सामन्यांत पहिल्या क्रमांकावर राहणाऱ्या संघाला एक ढाल देण्याची प्रथा २०१९-२० च्या हंगामात सुरू झाली. त्या हंगामात प्रत्येक संघाला १८ साखळी सामने खेळायचे होते. एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. २०१७ पासून त्यांनी हा संघ घडवला होता. जानेवारी २०२० च्या अखेरीस गोवा गुणतक्त्यात सर्वांत वर होता, तीन सामने शिल्लक होते, आणि नेमक्या त्याच वेळी क्लबने लोबेरा यांना पदावरून दूर केले. संघाची सूत्रे क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे तात्पुरती देण्यात आली. गोव्याने उरलेले तिन्ही सामने जिंकले. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० असे हरवून ढाल गोव्याने पटकावली. या यशामुळे आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला.

आता सांगा, ढाल कोणी जिंकली? पंधरा सामने सांभाळणाऱ्याने की तीन सामने सांभाळणाऱ्याने?

हा प्रश्न फक्त गोव्याचा नाही. १ जानेवारी २०१८ रोजी आपल्या विदर्भाने इंदूरला रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा आपल्याकडे चहाच्या टपऱ्यांवर हेच चालले होते. श्रेय प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या शिस्तीला, कर्णधार फैज फजलला, की अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणाऱ्या रजनीश गुरबानीला? घरातही हेच असते. मुलगा दहावीत चांगल्या गुणांनी पास झाला की आईचे, बाबांचे, शिकवणीच्या सरांचे आणि मुलाचे श्रेय, अशी न बोलता वाटणी सुरू होते.

पहिला विचार मनात येतो तो हिशेबाचा. अठरापैकी पंधरा सामने लोबेरांचे, म्हणजे सहापैकी पाच हिस्से त्यांचे, एक मिरांडांचा. पण हा हिशेब टिकत नाही. शेवटचे तिन्ही सामने हरले असते तर ढाल गोव्याकडे आलीच नसती. मग त्या पाच हिश्श्यांचे काय मोल राहिले असते? आणि आधीचे पंधरा सामने तसे झाले नसते, तर शेवटचे तीन जिंकूनही काय मिळाले असते? दोघांपैकी एकालाही वगळले तर ढाल उरत नाही. चहा पिऊन झाल्यावर कोणी विचारले, की या चवीत दुधाचा वाटा किती टक्के आणि पत्तीचा किती, तर आपण हसू. दुधाचे काम वेगळे, पत्तीचे वेगळे, हे आपण सांगू शकतो. पण चव वाटून देता येत नाही, कारण ती दोघांच्या एकत्र येण्यातूनच झालेली असते.

तर मग श्रेय ही गोष्टच नाही का? सगळे सारखेच? इथे थोडे थांबले पाहिजे, कारण "सगळ्यांचे श्रेय" हे वाक्य फार सोयीचे आहे. जो पहाटे सरावाला आला आणि जो झोपून राहिला, त्या दोघांना सारखेच मानणे हा अन्याय आहे. सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवताना न्यायाचा एक प्रकार सांगत: जे वाटायचे ते ज्याच्या त्याच्या योग्यतेच्या प्रमाणात वाटावे. बक्षिसाची रक्कम, पदक, संघातली जागा यांना हा नियम लागू आहे. या वस्तू मोजक्या असतात; एकाला दिल्या की दुसऱ्याला कमी पडतात.

पण कृतज्ञता तशी नाही. संत थॉमस अक्वायनस तिला न्यायाच्या जवळचा, पण वेगळा सद्गुण मानतात. कायद्याने वसूल होणारे कर्ज वेगळे, आणि ज्याचा दावा कोणत्याही कोर्टात लावता येत नाही असे मनाचे कर्ज वेगळे. कृतघ्नतेच्या त्यांनी पायऱ्याही सांगितल्या आहेत. उपकाराची फेड न करणे ही पहिली. तो मिळाला हे बोलूनच न दाखवणे ही दुसरी. आणि सर्वांत वाईट तिसरी: उपकार झाला होता याची जाणीवच न राहणे, तो विसरून जाणे.

इथे मला त्या दोन मुलांच्या वादाची गाठ सापडली असे वाटते. ते विचारत होते, "श्रेय कोणाला किती मिळाले पाहिजे?" हा वाटणीचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नाही. "ज्याच्या हाती ढाल आली, तो कोणाकोणाचा ऋणी आहे?" असे विचारले, तर मात्र उत्तर मिळते. मिरांडांच्या संघावर लोबेरांचे ऋण आहे, आणि लोबेरांच्या अर्धवट राहिलेल्या कामावर मिरांडांचे. दोन्ही ऋणे पूर्ण आहेत. एकाचे मान्य केल्याने दुसऱ्याचे रुपयाभरही कमी होत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. ती मुंबई सिटीच्या गोष्टीत दिसते. गोव्याहून निघालेले लोबेरा पुढच्या हंगामात मुंबईला आले. त्यांच्यामागून अहमद जाहू, मूर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि गोव्याचा मंदार राव देसाई हे खेळाडूही आले. कोरोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळला गेला. मुंबईने ढालही जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून करंडकही जिंकला.

त्या सामन्यात मुंबईचा पहिला गोल मोहन बागानच्या तिरी या बचावपटूकडून झाला. चेंडू डोक्याने काढताना तो त्याच्याच जाळ्यात गेला. दुसरा गोल नव्वदाव्या मिनिटाला झाला. मोहन बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य पुढे आला, पण त्याला चेंडू ताब्यात घेता आला नाही. ओगबेचेने तो हिसकावून बिपिन सिंगकडे दिला आणि बिपिनने गोल केला. याच अरिंदमला त्या हंगामातला सर्वोत्तम गोलरक्षक म्हणून बक्षीस मिळाले होते. ज्याच्या हातांनी संघाला अंतिम सामन्यापर्यंत आणले, त्याच्याच नावावर लोकांनी पराभव लिहिला.

आपल्या बोलण्यातली एक सवय पाहा. जिंकलो की "आपण जिंकलो", हरलो की "त्याने घालवली". विजयाचे श्रेय सर्वांत वाटायला आपण तयार असतो, विशेषतः त्यात आपला वाटा असेल तर. पण पराभवाचे ओझे मात्र एकाच खांद्यावर टाकतो. यश जर एकत्र येण्यातून घडते, तर अपयशही तसेच घडते. ज्याला हे पटत नाही त्याचे "सगळ्यांचे श्रेय" खरे नव्हे. तिरी २०२३ मध्ये मुंबई सिटीकडे आला आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात याच मोहन बागानला ३-१ असे हरवणाऱ्या संघात होता. माणसाला त्याच्या एका चुकीच्या नावाने कायमचे ओळखू नये, एवढे तरी यातून आपण शिकावे.

२०२१ च्या त्या सामन्यातला आणखी एकजण मला आठवतो. मुंबईचाच तरुण बचावपटू अमेय रानवडे. पहिल्या डावात त्याच्या डोक्याला मार लागला आणि त्याला रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागले. बिपिनचा गोल झाला तेव्हा तो मैदानात नव्हता. सगळे नाचत होते तेव्हाही नव्हता. तरी तो करंडक त्याचा नाही असे कोण म्हणेल?

आता माझी गोष्ट. आधी मी ज्या धर्मग्रामात होतो, तिथे एक हॉल बांधला जात होता. माझ्या आधीच्या फादरांनी दारोदार फिरून पैसे जमवले, नकाशा मंजूर करून आणला, भिंती चौकटीपर्यंत उभ्या केल्या. मग त्यांची बदली झाली. स्लॅब, रंग आणि उद्घाटन माझ्या वाट्याला आले. उद्घाटनाला मला शाल आणि श्रीफळ मिळाले. मी दहा मिनिटे बोललो. सुताराचे नाव घेतले, मांडववाल्याचे घेतले. त्यांचे नाव ओठांवर आले होते. पण का कोण जाणे, मी ते घेतले नाही. म्हणजे अक्वायनसची दुसरी पायरी मी जाणूनबुजून चढलो. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, "फादर, अभिनंदन! छान झाला म्हणे हॉल." त्यांच्या आवाजात जराही कडवटपणा नव्हता. पुढच्या वर्षी मी त्या गावच्या सणाला गेलो, तेव्हा सर्वांसमोर त्यांचे नाव घेतले आणि चूक कबूल केली. पण तोवर हॉलच्या दाराशी पाटी लागली होती. तिच्यावर आजही माझेच नाव आहे.

करिंथच्या मंडळीतही असाच वाद होता. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपोल्लोचा. संत पौलाने त्यांना शेतातली गोष्ट सांगितली: एकाने रोप लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली. पण तो तिथे थांबत नाही. प्रत्येकाला आपापल्या श्रमाप्रमाणे मजुरी मिळेल, असेही तो सांगतो. म्हणजे श्रम वेगवेगळे आहेत आणि ते मोजणाराही आहे. तो तराजू आपल्या हातात नाही, एवढेच. आपल्या हातात आहे ते ऋण मान्य करणे.

म्हणून एक छोटी गोष्ट सुचवतो. या आठवड्यात कोणी तुमचे कौतुक केले, तर "थँक्यू" म्हणण्याआधी एक नाव घ्या, आणि त्या माणसाने नेमके काय केले तेही सांगा. "सर्वांचे आभार" पुरेसे नाही. त्यात कोणाचेच आभार होत नाहीत. आणि घरात काही बिघडले, तर "तुझ्यामुळे" म्हणण्याआधी त्यात आपलेही काही होते का, ते पाहा.

त्या दोन्ही मुलांना मी पुढच्या रविवारी मिस्सानंतर कार्यालयात चहाला बोलावले आहे. वाद त्यांनी तिथे पुढे चालू ठेवावा, माझी हरकत नाही. चहा मात्र आपल्या सॅक्रिस्तनभाऊंच्या घरून येणार आहे. दर रविवारी तोच येतो, आणि हे मी या पानावर आजवर कधी लिहिले नव्हते.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू